ओलं दांडकं

उशिमारू तेइजी जपानमधल्या हिदातल्या एका लहानशा शहराच्या पाणीपुरवठा खात्यात अडतीस वर्षं होते, आणि या अडतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने एकही नळ दुरुस्त केला नव्हता. नळ दुरुस्त करणाऱ्यांचे अर्ज तपासणं हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकं चोख केलं, की निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "उशिमारू-सानांच्या टेबलावरून चुकीचा अर्ज कधी पुढे गेला नाही." बरोबर अर्जही फारसे पुढे जात नसत, हे साहेबांनी त्या दिवसापुरतं गिळलं.

एरवी हे सांगायचं कारण नव्हतं. पण हिदा हा सुतारांचा मुलूख. इथला माणूस कुणाकडे चहाला गेला तरी आधी दाराची चौकट बघतो, मग यजमानाचं तोंड. अशा मुलखात रंधा कुठल्या बाजूने धरायचा हे ठाऊक नसलेला माणूस सदुसष्ट वर्षं अब्रूने जगला, तो केवळ कुणी त्याच्या हातात रंधा दिला नाही म्हणून. ती अब्रू फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. एका दांडक्यापायी गेली.

जानेवारीत त्यांच्या बायकोला, किनुएला, डोंगराकडच्या इस्पितळात हलवलं होतं. तिथल्या चौथ्या मजल्यावर माणसाला बरं करत नाहीत, नीट ठेवतात. डॉक्टर वयाने लहान, बोलायला गोड. म्हणाले, "साकुरापर्यंत धरून चाला." हिदात साकुरा, म्हणजे चेरी, एप्रिलच्या मध्यावर फुलतो. तेइजींनी घरी येऊन कॅलेंडरवर दिवस मोजले आणि कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं.

इस्पितळाच्या जेवणात वाडग्यात काहीतरी राखाडी, पातळ असायचं आणि शेजारी चिठ्ठी: 'मासा'. दुसऱ्या वाडग्यात तेच हिरवट, चिठ्ठी: 'भाजी'. किनुए दोन्ही चिठ्ठ्या वाचायची आणि दोन्ही झाकणं परत लावायची.

"दोन चमचे तरी," तेइजी म्हणायचे.

"चिठ्ठ्या चविष्ट वाटतात," ती म्हणायची.

आणि एका दुपारी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत ती म्हणाली, "घरचा तोरोरो असता, तर गेले असते दोन घास."

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने नवऱ्याकडे मागितलेल्या वस्तू एका हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या, आणि त्यातल्या दोन बर्फ उपसायची फावडी होती. तेइजी ताडकन उठले. "उद्या आणतो," म्हणाले. तोरोरो कसा करतात हे त्यांना माहीत नव्हतं. पण तो ते एक्केचाळीस वर्षं खात होते, आणि खाणाऱ्याला करताही येत असणार, असा अर्ज तपासणाऱ्यांचा साधारण समज असतो.

तोरोरोची कृती सांगायला सोपी आहे. डोंगरी कंद सोलायचा, आतून बारीक खाचा पाडलेल्या मातीच्या मोठ्या वाडग्यात घासायचा, मग सुरीकोगी नावाच्या लाकडी दांडक्याने घोटत राहायचं आणि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, गरम पाणी थोडं थोडं सोडायचं. सगळं मऊ, लुसलुशीत झालं की जवाच्या भातावर ओतायचं. ज्याला गिळणं जड जातं त्याच्याही घशातून ते आपोआप उतरतं. सांगायचं राहिलं ते एवढंच, की तो कंद सुरणासारखा खाजतो.

तेइजी कोपरापर्यंत खाजवत घोटायला बसले. दांडकं किनुएच्या माहेरचं, सान्शोच्या लाकडाचं. सान्शो म्हणजे आपल्या तिरफळाच्या भावकीतलं झाड: तसेच काटे, तसाच नाकातून थेट जिभेवर उतरणारा वास. दांडक्याच्या डोक्यावर सासऱ्यांनी शाईने लिहून ठेवलेलं होतं, लग्नाचं साल आणि 'सव्वीस सेंटिमीटर'. तेइजींच्या मुठीत आला तो मात्र जेमतेम बारा सेंटिमीटरचा खुंट. त्यांनी तो दोन्ही हातांनी आवळून जोर लावला. दांडकं सटकलं आणि बोटांच्या चार सांध्यांची सालं वाडग्याच्या खाचांवर गेली.

दुसऱ्या दिवशी किनुएने डब्यात डोकावून विचारलं, "गुलाबी का झालाय?"

"बीट घातलं थोडं."

तिने त्यांच्या पट्ट्या लावलेल्या बोटांकडे पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "बीट परत घालू नका."

तेइजींनी निदान केलं: दोष हाताचा नाही, दांडक्याचा. ते बाजारातल्या भांड्यांच्या जुन्या दुकानात गेले. दुकानदाराने खुंट हातात घेऊन वर-खाली बघितलं.

"सान्शो. आता कोण करतंय हो? सागवानी रंगाची, बीचच्या लाकडाची आहेत, देऊ?"

"वास येतो त्यांना?"

"वार्निशचा येतो. सान्शोची हवी असेल तर नाव लिहून ठेवा. पुढच्या शरदात बघू."

"पुढच्या शरदात उपयोग नाही." मग थोड्या वेळाने, निघता निघता, तेइजींनी विचारलं, "हे सव्वीसचं होतं. बाराच राहिलंय. चौदा सेंटिमीटर गेलं कुठे?"

दुकानदार हसला. "पोटात. जाणार कुठे? तुम्ही आणि बाईसाहेब घासून घासून खाल्लंत की ते."

या उत्तराने तेइजी रस्त्यात तीनदा थांबले. घरी येऊन त्यांनी कागद घेतला. एक्केचाळीस वर्षांत चौदा सेंटिमीटर. मुलगी हिसायो पहिली अठरा वर्षं घरात जेवत होती, तेव्हा तीन वाटे. ती नागोयाला गेल्यावर दोन. हिशोब इतका बिनचूक बसला, की त्यांना नोकरीतले दिवस आठवले: किनुए सहा, तेइजी सहा, हिसायो दोन. खाली त्यांनी सवयीने 'तपासले' असं लिहिलं.

आणि मग त्यांनी ठरवलं, दांडकं स्वतः करायचं. परसात सान्शोचं झाड होतं. लग्नाच्या वर्षी किनुएनेच लावलेलं, आता चांगलं मनगटाएवढं जाड झालेलं. एक फांदी काढायची, सोलायची, रविवारी इस्पितळात. साधं काम.

साधं काम पाहायला कुंपणापलीकडे दोघं जमली. एक शिमोदे-सान, शेजारची विधवा. गावातल्या सगळ्या आजारांवर आणि सगळ्या कामांवर त्यांच्याकडे उपाय असे, आणि तो नेहमी शेजाऱ्याने करायचा असे. दुसरे मिझोबाता. त्र्याऐंशी वर्षांचे, देवळांची छपरं उभारलेले सुतार. आता फक्त बघायचे. त्यांचं बघणं फार लागायचं.

"उशिमारू-सान," शिमोदे-सान म्हणाल्या, "सान्शोपाशी गाणं म्हणू नका हं. झाड वाळतं."

"मी कापायलाच आलोय."

"तरी गाऊ नका."

तेइजींनी करवत लावली आणि ढकलली. पातं धनुष्यासारखं वाकलं. परत ढकलली. परत वाकलं. तिसऱ्यांदा कुंपणापलीकडून आवाज आला.

"ओढायची असते," मिझोबाता म्हणाले.

"माहितेय."

"ढकलताय तुम्ही."

"आधी जरा सैल करून घेतोय."

"परदेशातून आणलीत का करवत?" मिझोबातांनी शांतपणे विचारलं. "का स्वतःच आलात तिथून?"

इथली करवत ओढतानाच कापते. हिदातल्या माणसाला ती ढकलताना पाहणं म्हणजे काय, हे त्या संध्याकाळपर्यंत तीन गल्ल्यांना कळलं. सार्वजनिक स्नानगृहात एक अनोळखी म्हातारा तेइजींच्या पाठीला साबण लावता लावता म्हणाला, "ढकलणारे तुम्हीच ना?" पण ते नंतर. आत्ता तेइजी रागाने ओढू लागले, आणि ओढल्यावर करवत जी पळाली, तिला थांबवणं त्यांना माहीत नव्हतं. खालून अर्धा छेद न देता वरून कापलेली फांदी स्वतःच्या भाराने फाटली, आणि फाटताना अर्धं खोड सोबत घेऊन शिमोदे-सानांच्या मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर आली.

बर्फावर ताज्या सान्शोचा वास पसरला. मग शिमोदे-सान म्हणाल्या, "बघा, गायला नाहीत तरी."

पिंप बचावलं, झाकण गेलं. तेइजींनी तीनदा कमरेत वाकून माफी मागितली. मग उरलेल्या फांद्या मोळी बांधून मोहल्ल्याच्या कचऱ्याच्या पिंजऱ्याशी नेल्या, तिथे मोहल्ला-मंडळाचे चिटणीस नियमावली घेऊन उभेच होते. फांद्या पन्नास सेंटिमीटरच्या आत. मोळीचा व्यास तीस. आणि काटेरी असल्यास प्रत्येक काटा कापलेला.

"प्रत्येक?" तेइजी ओरडले. "हा कुठल्या मूर्खाने लिहिला नियम?"

चिटणिसांनी अदबीने शेवटचं पान दाखवलं. एकवीस वर्षांपूर्वी मंडळाचे चिटणीस उशिमारू तेइजी होते. खाली त्यांचाच शिक्का होता, सरळ आणि स्वच्छ.

ते ओट्यावर बसून काटे कापत होते, तेव्हा मिझोबाता आत आले. खोडाचा सरळ तुकडा त्यांनी उचलला, कानाशी नेऊन वाजवला.

"काय करताय याचं?"

"सुरीकोगी."

"कधी हवीय?"

"रविवारी."

मिझोबातांनी तुकडा खाली ठेवला. "कुठल्या सालच्या रविवारी? ओलं आहे हे. सावलीत तीन वर्षं ठेवायचं, मग हात लावायचा. आत्ता केलंत तर चिरेल, नाही चिरलं तर वाकेल. आणि बुरशी धरेल."

"तीन वर्षं?"

"लाकूड आहे ते. त्याला घाई नसते."

"घाई तिला आहे," तेइजी म्हणाले आणि पुढचा काटा कापायला लागले. तो त्यांच्या अंगठ्यात गेला. जाताना मिझोबातांनी त्या तुकड्याचे मधोमध कापून दोन केले, ओढून, चार झटक्यांत.

उपाय शिमोदे-सानांकडे होता. "मायक्रोवेव्ह," त्या म्हणाल्या. "माझी भाची शिंपले असेच वाळवते." शिंपले आणि सान्शो यांत काय फरक असतो हे विचारायच्या मनःस्थितीत तेइजी नव्हते. त्यांनी पहिला तुकडा आत ठेवला आणि सहा मिनिटं लावली. चौथ्या मिनिटाला घरात दिव्य वास सुटला. पाचव्याला धूर आला. सहाव्याला बंदुकीसारखा आवाज होऊन लाकूड उभं चिरलं आणि छतावरचा धुराचा भोंगा रडायला लागला. शिमोदे-सानांनी तत्परतेने फोन केला, आणि दहा मिनिटांत मोहल्ल्याचं स्वयंसेवक अग्निशमन पथक दारात हजर झालं. त्यातले निम्मे पाणीपुरवठा खात्यातले, तेइजींच्या हाताखाली वाढलेले. ते फार मायेने वागले. त्यानेच जास्त लागलं.

"'आगीचं कारण' या रकान्यात काय लिहू, साहेब?" एकाने विचारलं.

"आग नव्हती. धूर होता."

"'धुराचं कारण' असा रकाना नाही. तुम्हीच तर शिकवलंत, रकाना नसेल तर अर्ज परत."

शेवटी 'सुरीकोगी वाळवणे' असं लिहिलं गेलं. पथकप्रमुखाने ते मोठ्याने वाचलं आणि घाईघाईने शिरस्त्राण तोंडापुढे धरलं.

उरलेला तुकडा तेइजींनी ओलाच घडवला. सुरीने तासला, गाठी ठेवल्या, खालचं टोक गोल केलं. सव्वीस सेंटिमीटर, मोजून. तो दिसायला गाजरासारखा झाला होता, पण एका बाजूने गाजरासारखाही नव्हता. रविवारी दांडकं, मातीचं वाडगं, कंद आणि मिसोच्या पाण्याचा थर्मास घेऊन ते चौथ्या मजल्यावर पोचले. जुना खुंटही पिशवीत पडला होता, कसा ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दाराशी कोशिमिझू नावाच्या नर्सने 'बाहेरून आणलेल्या वस्तूं'चा फॉर्म पुढे केला. वस्तू, साहित्य, संख्या, उकळत्या पाण्यात धुता येते का. ती दांडकं बघून थबकली.

"लाकूड... आणि ओलं आहे, उशिमारू-सान. ओलं लाकूड वॉर्डात चालत नाही."

तेइजींनी फॉर्म हातात घेतला. चांगला फॉर्म होता. त्यांनी स्वतःही असाच केला असता, आणि अशा माणसाला दारातून असाच परत पाठवला असता. अडतीस वर्षं पाठवला होता. त्यांनी फॉर्म परत दिला नाही, दारातून हललेही नाहीत.

कोशिमिझूने कॉरिडॉरमध्ये पुढे-मागे पाहिलं. मग तिने पान उलटलं. "लाकडात एकच गोष्ट चालते," ती हळूच म्हणाली. "चालण्याची काठी."

"ही सव्वीस सेंटिमीटरची आहे."

"लांबीचा रकाना नाही," ती म्हणाली आणि लिहिलं: 'चालण्याची काठी, एक.'

उशांना टेकून बसलेल्या किनुएने दांडकं हातात घेतलं, आधी नाकाशी नेलं, मग तळहातावर तोललं.

"ओलं आहे."

"थोडं."

"झाड कापलंत?"

"फांदी."

"एवढी जाड फांदी नव्हती त्याला. मी लावलंय ते."

तेइजींनी नजर वाडग्यात घातली. "अर्धं गेलं. अर्धं उभं आहे. करवत... मी आधी ढकलत होतो."

किनुएच्या तोंडातून एक आवाज निघाला. कोशिमिझू धावत आली. तिला वाटलं श्वास अडकला. श्वास अडकला नव्हता. किनुए हसत होती. ती नवऱ्याच्या दंडाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग दमून बराच वेळ डोळे मिटून पडली. तेइजी घाबरून तिची छाती वर-खाली होतेय का बघत राहिले.

"अहो," ती डोळे न उघडता म्हणाली, "तीन वर्षांनी वापरायचं असतं हे."

"मला माहितेय. पण मला आत्ता—"

"पेन द्या."

तिने दांडक्याच्या डोक्यावर, वडिलांनी लिहिलं होतं तसं, लिहिलं: तीन वर्षांनंतरचा फेब्रुवारी, आणि 'सव्वीस सेंटिमीटर'. अक्षर वाकडं आलं. लाकूड ओलं असल्यामुळे शाई थोडी पसरली.

"फडताळाच्या वर ठेवा, चुलीच्या बाजूला नको. त्याआधी हात लावलात तर बघा."

"तीन वर्षांनी कोण खाणार तोरोरो?"

"तुम्ही. दुसरं कोण करून घालणार आहे तुम्हाला?" ती म्हणाली. "आता खुंट काढा. आणलाय ना? पिशवीवरून दिसतोय. असं नाही, आवळू नका. डावा तळहात वर नुसता ठेवायचा. उजव्याने खालून फिरवायचं. जोर नाही लावायचा. आणि वाडगं कुणीतरी धरायचं असतं."

"कुणी?"

"पहिली तीन वर्षं तुम्ही धरायचात. मग टीव्हीवर सातच्या बातम्या सुरू झाल्या."

तिने वाडगं मांडीत घेतलं आणि दोन्ही हातांनी धरलं. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या, पण वाडगं हललं नाही. तेइजी घोटू लागले. सटकलं नाही. सान्शोचा पुसट वास वर आला, जुन्या खुंटाचाच. नवीन दांडकं नुसतंच उशीशी पडलं होतं. त्यांनी मिसोचं पाणी सोडलं, घोटलं, सोडलं. किनुएने चार चमचे खाल्ले. पाचवा तिने नवऱ्याला भरवला.

मग त्यांनी खिशातून हिशोबाचा कागद काढला. सहा, सहा, दोन, तपासले. किनुएने तो लांब धरून वाचला.

"चूक आहे. तुम्ही दोन वाडगी खायचात, मी एक. तुमचे आठ, माझे चार."

"सहा-सहा."

"चार."

"मी तपासलंय, किनुए."

तिने कागद त्यांच्या हातात परत दिला. "बरं," म्हणाली, "सहा लिहा."

साकुरापर्यंत ती थांबली नाही. मार्चच्या शेवटी, बर्फ पागोळ्यांनी गळत असताना, गेली. त्याआधी तेइजींनी अकरा वेळा तोरोरो नेला. शेवटच्या दोन खेपांना तिने फक्त वास घेतला.

दहनभूमीच्या कचेरीत कोरा सूट घातलेल्या तरुण कारकुनाने फॉर्म पुढे केला. हिसायो नागोयाहून आली होती; ती वडिलांच्या कोपराला धरून उभी होती.

"माफ करा, दहनाआधी विचारावं लागतं," कारकून म्हणाला. "त्यांच्या शरीरात बाहेरून काही बसवलेलं होतं का? हृदयाचं यंत्र, धातूचा सांधा, असं काही?"

"हो," तेइजी म्हणाले. "सहा सेंटिमीटर सान्शो."

"बाबा," हिसायो म्हणाली.

"दोन तुझ्यातही आहे."

कारकुनाने पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. 'यंत्र' नव्हतं, 'धातू' नव्हता. अगदी शेवटी 'इतर' असा रकाना होता. त्यात त्याने सावकाश लिहिलं: 'लाकूड, सहा सें.मी.' मग, चांगला कारकून असल्यामुळे, त्याने विचारलं, "ओलं आहे का? म्हणजे, वेळ किती लागेल त्याचा अंदाज..."

तेइजींनी फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला, वरपासून खालपर्यंत तपासला आणि सहीच्या जागी आपला शिक्का मारला. सरळ बसला.

"नाही," ते म्हणाले. "ते चांगलं वाळलेलं आहे."